घासून काढलेली सही

परीक्षित पंडितच्या घरी जेवायला गेलं की तळघर बघावंच लागतं, हा अमेरिकेतल्या नोव्हायच्या मराठी मंडळींत नियमच होऊन बसला होता. वर श्रीखंड-पुरी, खाली तलवारी. जेवणाआधी तलवारी बघून घ्यायच्या, कारण जेवल्यावर लोकांना झोप येते आणि मग ते नीट ऐकत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

जागृती खोब्रागडे त्या तळघरात पहिल्यांदाच उतरत होती. थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, शुक्रवार, सगळ्यांना सुट्टी. पंडितची बायको मीनाक्षी जागृतीच्याच कंपनीत पर्चेसला होती. तिने आग्रह केला म्हणून जागृती आली होती. बाकी चार जोडपी होती आणि सगळी ही यात्रा आधी करून चुकलेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पंडित उभा होता आणि प्रत्येकाला पांढरे सुती हातमोजे वाटत होता. उंच, गोरा, चोपन्न वर्षांचा, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डायरेक्टर. कामानिमित्त तीनदा नागोयाला जाऊन आला होता. बोलायचा मात्र असा, की लहानपण तिकडेच कुठल्यातरी किल्ल्यात गेलं असावं.

सगळे त्याला परीक्षितदादा म्हणत. जागृतीला ते जमेना, म्हणून ती त्याला काहीच म्हणत नव्हती. मनातल्या मनात एकेरीवर काम भागत होतं.

"ही बघा," काचेच्या कपाटातला दिवा लावून पंडित म्हणाला, "ही प्युअर घराण्याची. बाप, मुलगा, नातू, सलग पंधरा पिढ्या हेच काम. शेवटी रक्त म्हणून काहीतरी असतंच ना. यू कान्ट टीच दॅट."

बोलताना त्याने तलवार तोंडाजवळ आडवी धरली होती. उघड्या पात्याजवळ बोलायचं नसतं, थुंकीचा एक थेंब उडाला तरी पोलाद डागाळतं, एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. आणि पाहुण्यांना हातमोजे वाटणारा हा माणूस स्वतः उघड्या अंगठ्याने पातं चोळत होता.

जागृतीने मोजून घेतलं. अकरा तलवारी. त्यातल्या चार तर भिंतीवर टांगायच्या शोभेच्या, मॉलमध्ये प्लास्टिकच्या स्टँडसकट मिळतात तसल्या. दोन पर्यटकांसाठी शंभरेक वर्षांपूर्वी केलेल्या, हाडाच्या मुठीच्या. चार युद्धाच्या काळात कारखान्यात ठोकलेल्या. एक खरी जुनी होती, पण इतक्या वेळा घासलेली, की पात्याचा जीव गेला होता. आणि जिचं पंधरा पिढ्यांचं घराणं पंडित सांगत होता ती त्या कारखान्यातल्या चारपैकी एक. तिच्या धारेलगत जी पांढरी लाट दिसत होती ती पोलादाला पाणी पाजताना उमटलेली नव्हती, ॲसिडने काढलेली होती. चित्रकलेच्या वहीतल्या डोंगरांसारखी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

ती काही बोलली नाही. तिला मजा येत होती. लाज वाटावी इतकी मजा येत होती.

जागृतीचे वडील नागपूरला आंबाझरीच्या आयुध कारखान्यात फिटर होते. कानस लोखंडावर फिरवली की आवाजावरून ते त्याचा कडकपणा सांगायचे. मुलगी मेटलर्जी शिकली, शिष्यवृत्तीवर इकडे आली, आणि आता गिअर बनवणाऱ्या कंपनीत लॅब सांभाळत होती. नोव्हायमध्ये जपानी कुटुंबं पुष्कळ. त्यांतलेच एक, हिरानो-सान नावाचे एक्याऐंशी वर्षांचे निवृत्त टूल इंजिनिअर, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये चार-पाच लोकांना जुन्या तलवारी ओळखायला शिकवत. त्यांची पद्धत साधी होती. तलवारीवर कारागिराची सही असते ती मुठीत दडलेल्या भागावर. त्या भागाला नाकागो म्हणतात. हिरानो-सान नाकागोवर फडकं गुंडाळून ठेवायचे आणि नुसतं पातं समोर ठेवायचे. बाक बघा, पोलादाची वीण बघा, पाणी कसं चढलंय ते बघा, आणि सांगा, कोणी केली आणि कधी. नाव झाकलेलं. पोलाद जे सांगेल तेवढंच खरं. जागृती चार वर्षं जात होती. सुरुवातीला दोन-दोन शतकं चुकायची, आता पन्नास वर्षांच्या आत येत होती.

"तुमचं आडनाव काय म्हणालात?" पंडितने तिला विचारलं. बाकीच्यांची हं-हं ऐकून तो कंटाळला असावा.

"खोब्रागडे."

"म्हणजे नागपूर साइड?"

"हो. इंदोरा."

"अच्छा." मग किंचित थांबून, "अच्छा, अच्छा."

पहिला अच्छा आणि दुसरा अच्छा यांच्यामधलं ते अंतर जागृती अकरावीपासून ओळखत होती. कॅलिपर लावून मोजता आलं असतं इतकं नेमकं.

"तुम्हाला यात इंटरेस्ट असेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"मी लोखंडातच काम करते."

"ओ, नाइस. लॅब टेक्निशियन?"

"तसंच काहीतरी," ती म्हणाली. ती त्या लॅबची मॅनेजर होती, पण या माणसाला ते सांगणं म्हणजे त्याचं मत महत्त्वाचं आहे असं कबूल करणं झालं असतं.

मग त्याने खालच्या कप्प्यातून एका टॉवेलमध्ये गुंडाळलेली बारावी तलवार काढली. "ही माझी नाही हं. शेजारच्या कोवाल्स्की बाईंची. वडिलांनी युद्धातून आणलेली. आता म्हातारीला वाटतंय, ज्यांची आहे त्यांना परत पाठवावी. इमोशनल लोक, यार. मला म्हणाली, तू एक्स्पर्ट आहेस, कोणाची ते शोधून दे. मुठीला एक लाकडाची ढलपी बांधलेली, तीसुद्धा ऐंशी वर्षं जपून ठेवली होती. ती मी आधी कापून टाकली."

बोलता बोलता त्याने बांबूची खुंटी काढली आणि मूठ ओढून वेगळी केली.

जागृती पुढे सरकली. पात्यावर वाळलेल्या तेलाची चिकट साय होती, दोन-तीन ठिकाणी गंजाचे ठिपके होते. पण त्या घाणीखालून बाक दिसत होता. मुठीपाशी खोल, टोकाकडे सरळ होत गेलेला, टोक लहान आणि सुबक. घोड्यावरून चालवायच्या काळातला बाक. धारेलगतची लाट बारीक, तुटक, श्वास घेतल्यासारखी कमी-जास्त होणारी. आणि नाकागोवर जुन्या कढईसारखा काळा, घट्ट, मऊ गंज. त्याखाली छिन्नीने कोरलेली दोन अक्षरं.

सहाशे वर्षं. पन्नास इकडे, पन्नास तिकडे. तिच्या हातमोज्यांत घाम आला.

"फिटिंग बघा, आर्मीची आहे," पंडित सांगत होता. "म्हणजे फॅक्टरी मेड. फार काही नाही. उद्या सकाळी हा गंज काढतो. ड्रिलला सँडिंगची चकती लावली की दहा मिनिटांचं काम. मग नाव क्लिअर दिसेल."

लढाईवर निघालेले अधिकारी घरची जुनी पाती आर्मीच्या मुठीत बसवून नेत, हे हिरानो-सानच्या वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतात. आणि नाकागोवरचा गंज हा तलवारीचा जन्मदाखला असतो. त्याला हात लावायचा नाही, हे तर पहिल्याच दिवशी.

"पण तो गंज तर..." जागृतीने सुरुवात केली.

पंडितने हात वर केला. "सांगतो, सांगतो. गंज म्हणजे कॅन्सर असतो तलवारीला. लेडीजना हे टेक्निकल वाटतं, पण सोपं आहे. आधी नाकागो म्हणजे काय ते समजून घ्या." आणि तो तिला नाकागो म्हणजे काय ते समजावू लागला. चुकीचं.

जागृतीने तोंड मिटलं. घास, ती मनात म्हणाली. हवी तेवढी घास. तुझ्यासारख्याच्या हातून याहून वेगळं काय होणार आहे! मग ती वर गेली आणि चार पुऱ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी सकाळी दहा वाजता लायब्ररीत तिने सगळा प्रसंग साभिनय सांगितला. हातमोजे, पंधरा पिढ्या, कॅन्सर. पंडितची मान वळवायची ढब तिला छान जमली. वर्गातले दोघे अमेरिकन पोट धरून हसले. हिरानो-सान टेबलाच्या टोकाशी मऊ कागदाने एक पातं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मग तू काय म्हणालीस त्याला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. अशा माणसाला सांगून उपयोग नसतो."

"तलवार त्याची होती?"

"नाही. शेजारणीची."

हिरानो-साननी पातं खाली ठेवलं. कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. "त्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तुला माहीत होतं."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. जागृतीने कोट उचलला, किल्ल्या उचलल्या आणि निघाली.

ग्रँड रिव्हर रस्त्याने जाताना तिने तीनदा मीनाक्षीला फोन लावला. तिन्ही वेळा तो व्हॉइसमेलला गेला. बाहेर पावसात बर्फ मिसळून पडत होता आणि पुढची गाडी वीसच्या स्पीडने चालली होती. अजून झोपला असेल, ती स्वतःला सांगत होती. सुट्टीचा दिवस आहे. चहा पीत बसला असेल, कुणालातरी फोनवर शहाणपण शिकवत असेल. त्या माणसाच्या आळसावर भरवसा ठेवायची वेळ आपल्यावर यावी, याचाही तिला राग आला.

पंडितच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आत तो डोळ्यांवर सेफ्टी ग्लासेस लावून उभा होता आणि ड्रिलची वायर गुंडाळत होता.

"अरे, तुम्ही! या, या. वेळेवर आलात. बघा, कशी निघाली."

नाकागो नव्या स्टीलच्या ताटासारखा चकचकत होता. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर तपकिरी भुकटी साचली होती. सहाशे वर्षांची भुकटी, सेलच्या जाहिरातींवर. जागृतीने वाकून बघितलं. दोन अक्षरांपैकी पहिल्याची एक उभी रेघ तेवढी उरली होती. दुसऱ्याच्या जागी गुळगुळीत पोलाद होतं.

"नाव काही नव्हतंच," पंडित म्हणाला. "म्हटलं होतं ना, फॅक्टरी."

मग जागृती बोलली. कालपासून जे बोलायचं होतं ते सगळं एका दमात बोलली. बाक, वीण, पाणी, गंज, दोन अक्षरं. त्याच्या तळघरातल्या अकरा तलवारींचाही हिशेब त्याच झपाट्यात सांगून टाकला, शोभेच्या किती आणि ॲसिडच्या किती. पंडित ऐकत राहिला. आधी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, मग ते नुसतं ओठांवर राहिलं, मग तेही गेलं. त्याने सेफ्टी ग्लासेस काढले. नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ उमटले होते.

"हे सगळं तुला काल माहीत होतं?" तो म्हणाला. अहोजाहो एका क्षणात संपलं होतं.

"हो."

"मग काल का नाही बोललीस? तू तर तिथेच उभी होतीस."

त्या माणसाच्या तोंडून दोन दिवसांत बाहेर पडलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. आणि ते त्याच्याच तोंडून यावं! तुम्ही मला बोलू दिलं नाहीत, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं होतं. मीटिंगमध्ये यापेक्षा मोठ्या आवाजाच्या माणसांना तिने गप्प केलं होतं. काल तिला बोलायचंच नव्हतं. त्याची फजिती होताना बघायची होती.

तिचं गप्प बसणं पंडितला लगेच उमगलं आणि त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "हे बघ, जागृती. झालं ते झालं. म्हातारीला यातलं काही कळत नाही. मी सांगतो, मिलिटरी पीस आहे, माझ्याकडेच राहू दे. तू काही बोलू नकोस. शेवटी आपण सगळी आपलीच माणसं आहोत इथे."

काल दोन अच्छांमध्ये अख्खं अंतर होतं. आज त्याच जागी 'आपली माणसं' येऊन बसली होती.

"टॉवेल कुठे आहे?" जागृतीने विचारलं.

"कशाला?"

"तलवार गुंडाळायला. मी तिच्या मालकिणीला देऊन येते."

"एक मिनिट, तिने माझ्या हातात दिली आहे, मी..."

"दे तिला," मागून आवाज आला. घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात मीनाक्षी उभी होती. तिच्या हातात फ्रीजमध्ये भाजी ठेवायची झिपलॉकची पिशवी होती, आणि त्या पिशवीत बोटभर रुंद, काळपट लाकडी पट्टी. "हीपण घेऊन जा. परवा कचऱ्याच्या डब्यातून काढून ठेवली मी. तिच्यावर शाईने काहीतरी लिहिलंय. ह्याला म्हटलं, कुणाचं नाव असेल. तर म्हणाला, तुला काय कळतं."

एवढं बोलून तिने नवऱ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, भांडण नव्हतं. सव्वीस वर्षं न बोलता साठवलेली तुच्छता होती, बारीक, कोरडी, नीट घडी घालून ठेवलेली. जागृतीने ती लगेच ओळखली. तिच्याकडेही नेमकी तीच होती. आणि तिच्या मनात आलं, की या बाईने गेल्या सव्वीस वर्षांत एकदा जरी तोंड उघडलं असतं तर हा माणूस कदाचित इतका फुगला नसता. मग लगेच आपणच ओशाळली, कारण काल आपणही तोंड उघडलं नव्हतं.

मिसेस कोवाल्स्की अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काढलेली बाई. मनगटं अजून पुरुषासारखी जाड. त्यांनी जागृतीला किचनमध्ये बसवलं, कॉफी ओतली आणि टॉवेल उघडून चकचकीत नाकागोकडे बघत राहिल्या. जागृतीने सगळं सांगितलं. पंडितने काय केलं ते, आणि त्याच सुरात, आपण काय केलं नाही तेही.

"म्हणजे तुला ठाऊक होतं, हा गाढव उद्या काय करणार आहे."

"हो."

"आणि तू जेवलीस आणि घरी गेलीस."

"हो."

मिसेस कोवाल्स्कींनी कॉफीचा घोट घेतला. "एकाला गप्प बसता येत नाही आणि दुसरीला बोलता येत नाही. छान माणसं भेटली मला." पंडितबद्दल जागृतीच्या मनात जे काही होतं ते त्या म्हातारीच्या स्वरात जसंच्या तसं होतं. फरक इतकाच, की ते जागृतीकडे बघून होतं. "आता एक सांग. नाव सापडलं का?"

"सही गेली. कारागिराचं नाव आता..."

"कारागीर गेला उडत. तो सहाशे वर्षांपूर्वी मेला. ज्याच्या हातून माझ्या बापाने घेतली त्याचं नाव. मला तेवढंच हवंय."

जागृतीने झिपलॉकची पिशवी टेबलावर ठेवली.

पट्टी हिरानो-साननी वाचली, भिंगाखाली धरून, अर्धा तास लावून. शरण येताना अधिकाऱ्यांना तलवारी जमा कराव्या लागत, आणि काहींनी, कधीतरी परत मिळतील या आशेवर, आपलं नाव-गाव लिहून मुठीला बांधलं होतं. कुनिओ हारुए. ओकायामाकडचं एक खेडं. हिरानो-साननी तिथल्या ग्रामकचेरीला पत्र लिहिलं. ते गाव केव्हाच शेजारच्या शहरात विरून गेलं होतं, त्यामुळे पत्र तीन टेबलं फिरलं. एप्रिलमध्ये उत्तर आलं. कुनिओ हारुएंच्या मुलीचं, वय ब्याऐंशी.

तिने लिहिलं होतं, वडील युद्धातून परत आले, शेती केली, मी बारा वर्षांची असताना गेले. तलवारीबद्दल कधी बोलले नाहीत. तलवार आम्हाला नको. परवाना, नोंदणी, ठेवायला जागा, हे या वयात जमणार नाही, आणि मुलांना त्यात रस नाही. पण पट्टीवरचं अक्षर वडिलांचं असेल तर ती पट्टी मिळेल का? पुरात घर गेलं, त्यांच्या हातची एक ओळसुद्धा आमच्याकडे उरलेली नाही.

मिसेस कोवाल्स्की स्वतः पोस्टात गेल्या. जागृती त्यांना गाडीने घेऊन गेली. कस्टमच्या फॉर्मवर वस्तूचं वर्णन लिहायचं होतं. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, लाकडाचा तुकडा. पावती पर्समध्ये टाकताना त्यांनी जागृतीचा दंड धरला, पायरी उतरायला, आणि उतरून झाल्यावर लगेच सोडला. माफ केलं वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत आणि जागृतीनेही विचारलं नाही.

तलवार त्यांनी जवळच्याच एका छोट्या संग्रहालयाला देऊन टाकली. हिरानो-साननी दोनदा जाऊन पातं तपासलं. कुठल्या प्रांतातली, कुठल्या काळातली, कारागिरांच्या कुठल्या परंपरेतली, इथपर्यंत ते खात्रीने पोचले. पुढे नाही. "सही असती तर माणसापर्यंत पोचलो असतो," एवढंच म्हणाले. संग्रहालयाने खालच्या पाटीवर 'सही नाही' असं लिहिलं. जागृतीने त्यांना सहा ईमेल पाठवल्या. सही नाही वेगळं आणि सही होती वेगळं. सातव्यांदा ती स्वतः जाऊन उभी राहिली, तेव्हा पाटी बदलली. 'सही होती, अलीकडे नष्ट झाली.'

एवढ्यावर संपलं असतं. पण ऑक्टोबरच्या शेवटी मराठी मंडळाची ईमेल आली. दिवाळी फराळ, रविवारी सकाळी अकरा वाजता, शाळेच्या कॅफेटेरियात. कार्यक्रम, परीक्षित पंडित यांचं सचित्र व्याख्यान, 'सहाशे वर्षांच्या तलवारीचा शोध'.

जागृतीने ईमेल दोनदा वाचली. या माणसाला लाज विकत आणून दिली असती तरी त्याने ती काचेच्या कपाटात ठेवून लोकांना दाखवली असती. ती गेली. तिसऱ्या रांगेत बसली.

पंडितने नेहरू जॅकेट घातलं होतं. पडद्यावर एकामागून एक फोटो. संग्रहालयातली तलवार, तिच्याशेजारी हात बांधून उभा असलेला तो. "शेजारच्या बाईंनी ही माझ्याकडे आणली तेव्हा गंजलेला लोखंडाचा तुकडा होता तो. पण नजर तयार असली की कळतं. मी म्हटलं, ही साधी नाही." लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत मीनाक्षी मांडीवर पर्स घेऊन सरळ बसली होती. "अशा वस्तूला तिचं घराणं मिळवून देणं," पंडित शेवटी म्हणाला, "हे एक प्रकारचं कर्तव्य असतं. काही प्रश्न?"

जागृती उभी राहिली.

"प्रश्न नाही. थोडी माहिती राहिली आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "या तलवारीवर कारागिराची सही होती. दोन अक्षरं. ती यांनी गॅरेजमध्ये ड्रिलने घासून काढली. फॅक्टरीतला माल आहे असं यांचं म्हणणं होतं. आदल्या दिवशी मी यांच्या तळघरात होते. सही मी बघितली होती, तलवार किती जुनी आहे ते मला कळलं होतं, आणि हे काय करणार आहेत तेही यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी काही बोलले नाही. म्हणून ती सही घालवणारे आम्ही दोघं आहोत. संग्रहालयाच्या पाटीवर आमची नावं नाहीत, म्हणून इथे सांगते."

कॅफेटेरियात खुर्च्या करकरल्या. मंडळाची सेक्रेटरी उल्का माइक घेऊन अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. मागून कुणीतरी म्हणालं, "सणाच्या दिवशी कशाला वाद, यार." दुसरं कोणी, हळू, "कोण आहे ही?" आणि मग त्याहून हळू, आडनाव.

पंडित हसला. "स्पेशलिस्ट लोकांमध्ये मतभेद असतातच," तो म्हणाला. "चला, चहा थंड होतोय."

लोक सुटल्यासारखे उठले. मीनाक्षी मात्र जागची हलली नाही. रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांमध्ये ती पर्सवर हात ठेवून बसून राहिली आणि पडद्यावरच्या फोटोकडे बघत, पुरेशा मोठ्या आवाजात, म्हणाली, "खरं आहे ते. गॅरेजमध्ये मी होते." दहा-बारा जणांनी ऐकलं. ऐकलंच नाही असं त्यांना दाखवता आलं नाही.

जागृती बाहेर पार्किंग लॉटमध्ये आली. गाडीचं दार उघडतेय तोच मागून बुटांचा आवाज आला.

"काय मिळालं तुला हे करून?" पंडित धापा टाकत होता. "काय मिळालं?"

"काही नाही."

"घरी बोलावलं, जेवायला घातलं. तुमच्यासारख्या लोकांना ना..." तो अडखळला.

जागृतीने दार लोटून बंद केलं आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. "पूर्ण करा, पंडित," ती म्हणाली. "वाक्य पूर्ण करा. मी ऐकतेय."

पंडितने आजूबाजूला बघितलं. दारात कागदी प्लेट घेऊन तिघं-चौघं उभे होते आणि चिवडा खाता खाता इकडेच बघत होते. त्याने जॅकेटचं बटण लावलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि वळला. पाठमोरा तो बराच म्हातारा दिसत होता.

वर्षभरापूर्वी एवढ्या दृश्यावर जागृतीने आठवडाभर चैन केली असती. आज तिला तो नुसता एक मूर्ख माणूस दिसला, आणि त्याच्याकडे बघत बसण्यात काही विशेष उरलं नव्हतं. तिला भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ती घरी जाणार होती, पण फराळाचं तिने अजून घेतलं नव्हतं, आणि ते सोडून जायचं काही कारण तिला दिसेना.

ती परत आत गेली आणि रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि परत फिरवली. जागृतीने टेबलावरची कागदी प्लेट उचलली आणि चकलीचं भांडं जरा इकडे सरकवायला सांगितलं.